संडासाची टाकी शेवटची कधी उपसली?

श्रावणात आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हमखास वाढतात. एक उपवासाने पित्त झालेले आणि दुसरे कावीळ झालेले. पित्ताचे रुग्ण साबुदाणा खाऊन आपल्या चुकीने येतात. काविळीच्या रुग्णाची बहुधा काही चूक नसते. मात्र तो आमच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा आठवडाभर आधी कुठेतरी गळ्यात माळ घालून, किंवा चुन्याच्या पाण्यात हात धुऊन 'कावीळ उतरवून' आलेला असतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका श्रावणात नाशिकच्या वाढत्या हद्दीवरच्या एका कॉलनीतले कुटुंब माझ्याकडे आले. प्रथम नऊ वर्षांचा मुलगा, आठ दिवसांनी त्याचा चुलतभाऊ, आणि तिसऱ्या आठवड्यात घरातली धाकटी सून. तिला सातवा महिना लागला होता. सासूबाई तिला रिक्षातून घेऊन आल्या आणि टेबलाशी बसण्यापूर्वीच म्हणाल्या, "डॉक्टर, पोरीनं बाहेरचं काही म्हणजे काही खाल्लं नाही हो. पाणीपुरीसुद्धा नाही."

मुलांच्या काविळीने मी फारसा विचलित झालो नव्हतो. लहान मुलांची कावीळ बहुधा विश्रांतीने आणि साध्या आहाराने बरी होते. या मुलीचे पिवळे डोळे पाहून मात्र माझ्या पोटात गोळा आला. कावीळ करणाऱ्या विषाणूंपैकी 'ई' नावाचा एक विषाणू आहे. एरवी तो तसा मवाळ असतो. पण गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो गाठला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणींपर्यंत जीव जाऊ शकतो. मी तिला त्याच दुपारी मोठ्या रुग्णालयात पाठवले. रक्ताच्या तपासणीत 'ई'च निघाला. अकरा दिवस ती तिथे होती. सुदैवाने वाचली. बाळ महिनाभर अगोदर आले, जेमतेम दोन किलोचे.

या घरात कावीळ आली कुठून, हे समजल्याशिवाय मला चैन पडेना. एका रविवारी मी घरी गेलो. दोन भावांचा मिळून टुमदार बंगला, तीस बाय पन्नासचा प्लॉट, पुढे जास्वंद, मागे कढीपत्ता. नळ तेव्हा कॉलनीपर्यंत आलेला नव्हता, म्हणून बोअर. घरातले आजोबा निवृत्त शिक्षक. ते अभिमानाने म्हणाले, "दोनशे दहा फुटांवरचं पाणी आहे डॉक्टर. कातळातलं. फ्रिजमध्ये ठेवावं लागत नाही." पाणी खरेच गार आणि काचेसारखे स्वच्छ होते. मी विचारले, "संडासाची टाकी कुठे?" ते म्हणाले, "मागे, त्या कोपऱ्यात. बोअरपासून चांगली तीस फूट लांब घेतली आहे."

"आणि शेजाऱ्यांची?"

हा प्रश्न कोणाच्या मनात आलाच नव्हता. आम्ही गच्चीवर गेलो आणि कंपाऊंडच्या भिंतीपलीकडे पाहिले. शेजारच्या बंगल्याचा शोषखड्डा भिंतीला लागून होता. पावले टाकून मोजले. बोअरच्या पाइपापासून अकरा फूट.

पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का, हे पाहण्यासाठी एक स्वस्त चाचणी असते. औषध घातलेल्या छोट्या बाटलीत पाणी भरायचे आणि उबदार जागी ठेवायचे. दूषित पाणी एक-दोन दिवसांत काळे पडते. मी त्यांच्या दोन बाटल्या भरून आणल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही शाईसारख्या काळ्या झाल्या होत्या.

आता थोडे या टाकीविषयी. शहराच्या ज्या भागात भुयारी गटार आहे, तिथल्या वाचकांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. नाशिकच्या गावठाणातला मैला गटारीतून तपोवन, आगर टाकळी अशा मलनिस्सारण केंद्रांकडे जातो. पण गटार जिथे पोहोचलेली नाही अशा नव्या वस्त्या आणि जिल्ह्यातली लहान गावे या टाकीवरच अवलंबून असतात. गेल्या काही वर्षांत सरकारी योजनांमुळे घरोघरी संडास झाले ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र प्रत्येक संडासाखाली एक खड्डा किंवा टाकी आहे, हे आपण तितक्या आनंदाने लक्षात ठेवलेले नाही.

पुष्कळांची समजूत अशी की, टाकीत गेलेला मैला आतल्या आत 'जिरतो'. तसे होत नाही. टाकीचे दोन कप्पे असतात. पहिल्यात जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर साय धरतो. तळाचा गाळ हवेविना जगणारे जीवाणू हळूहळू कुजवतात, त्यामुळे तो कमी होतो, पण संपत नाही. मधले पाणी दुसऱ्या कप्प्यातून बाहेर पडते आणि शोषखड्ड्यात जाते. हे पाणी दिसायला मैल्यापेक्षा निवळ असते एवढेच. विषमज्वराचे जंतू, काविळीचे विषाणू, जंतांची अंडी यांचा मोठा वाटा त्यात जिवंत असतो. टाकीचे काम फक्त घाण खाली बसवण्याचे आहे. जंतू मारण्याचे काम पुढे जमिनीने करायचे असते.

आणि जमीन ते करतेही. वरच्या थरातली माती सच्छिद्र, कोरडी आणि खोल असेल, तर पाणी तिच्यातून थेंबाथेंबाने झिरपते, जंतू मातीच्या कणांना चिकटून राहतात आणि बरेचसे तिथेच मरतात. अट एवढीच की, पाणी हळू जायला हवे आणि पुष्कळ अंतर जायला हवे.

आपल्या नाशिक जिल्ह्यात गाडी इथेच अडते. वर काळी माती. ती पावसाळ्यात फुगून पाणी घेतच नाही, म्हणून शोषखड्डा तुंबतो आणि घाण अंगणात येते. उन्हाळ्यात तिलाच हातभर भेगा पडतात. तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. हा कातळ अखंड दिसला तरी त्याला उभ्या-आडव्या फटी असतात. विहिरीला आणि बोअरला पाणी लागते ते या फटींमधूनच. फटीत शिरलेले पाणी मातीसारखे गाळले जात नाही, नळातून धावावे तसे धावते. त्यातून बोअर मारताना वरचा थोडा भागच केसिंग पाइपाने बंद केलेला असतो. हा पाइप आखूड असेल किंवा त्याच्या भोवतीची पोकळी नीट बुजवलेली नसेल, तर वरची घाण पाइपाच्या बाहेरून थेट खाली उतरते. मग बोअर दोनशे फूट असो की तीनशे. आमच्या आजोबांच्या कातळातल्या गार पाण्यात अकरा फुटांवरचे पाणी मिसळत होते.

टाकी आणि शोषखड्डे कसे असावेत, याचे भारतीय मानक आहे. त्याचा क्रमांक २४७०. त्यात म्हटले आहे की, शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून निदान १८ मीटर दूर असावा. अठरा मीटर म्हणजे सुमारे एकोणसाठ फूट. आता तीस बाय पन्नासचा प्लॉट कागदावर काढा आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारा. ती अठ्ठावन्न फूट भरते. म्हणजे अशा प्लॉटच्या एका टोकाला बोअर आणि दुसऱ्या टोकाला खड्डा घेतला, तरी नियम पाळता येत नाही! शिवाय चारी बाजूंना शेजारी आहेत आणि त्यांच्याही टाक्या आहेत. पन्नास प्लॉटच्या कॉलनीत पन्नास शोषखड्डे आणि तीस-चाळीस बोअर असतील, तर आपण काय करून ठेवले आहे याचा विचार करावा. यात गवंड्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जागा जेवढी दिली तेवढ्यातच त्याने काम केले.

टाकीविषयी बोलताना एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, आता ते ऐकले की मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. "आमची टाकी इतकी उत्तम आहे डॉक्टर, वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही." हे सांगताना माणसाचा चेहरा, मुलगा पहिला आल्याचे सांगावे तसा असतो. अहो, पाच माणसांच्या घरातला वीस वर्षांचा मैला गेला कुठे? टाकी दर दोन-तीन वर्षांनी भरायलाच हवी. ती भरत नसेल तर दोनच शक्यता. एक तर तिला तळ नाही. खाली काँक्रीट न घालता नुसते दगड रचलेले आहेत आणि सगळे सरळ जमिनीत जाते आहे. नाहीतर ती केव्हाच गाळाने भरली असून, वरून येणारा मैला खाली न बसता जसाच्या तसा पुढे शोषखड्ड्यात किंवा गटारीत जातो आहे. दोन्ही बाबतींत टाकी आता टाकी उरलेली नसते. ती निव्वळ पाइप झालेली असते.

आम्हा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाची गोष्ट हमखास शिकवतात. १८५४ साली तिथे पटकीची साथ आली, सहाशेहून अधिक माणसे गेली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडून दाखवली, बहुतेकांचा संबंध एका हापशाशी होता, आणि ८ सप्टेंबरला त्याचा दांडा काढण्यात आला. गोष्ट साधारणपणे इथे संपवतात. पुढचा भाग आपल्या अधिक कामाचा आहे. हेन्री व्हाइटहेड नावाच्या तिथल्या पाद्र्याने घरोघर चौकशी करून शोधले की, हापशासमोरच्या ४० नंबरच्या घरात एक तान्हे मूल साथीच्या अगदी आरंभी हगवणीने आजारी होते, आणि त्याच्या आईने लंगोट धुतलेले पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतले होते. नंतर जमीन खणून पाहिली, तेव्हा त्या खड्ड्याची वीट कुजलेली निघाली. खड्डा आणि विहीर यांच्यातले अंतर तीन फुटांहूनही कमी होते. त्या विहिरीचे पाणी चवीला इतके छान होते की, लोक लांबून येऊन ते नेत.

आपल्या देशातले उदाहरण हवे तर दिल्लीचे आहे. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात तिथे सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. नजफगढ नाल्याचे मैलापाणी शहराला पाणी पुरवणाऱ्या ठिकाणी शिरले होते. पुढे कित्येक वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून सिद्ध झाले की, ती 'ए' किंवा 'बी' कावीळ नव्हती. त्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांचाही वाटा होता. त्याच विषाणूला आज आपण 'ई' म्हणतो.

हा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते नऊ आठवडे जातात, सरासरी चाळीस दिवस. म्हणून "गेल्या आठवड्यात काय खाल्लं" हा प्रश्न बहुतेक वेळा निरर्थक असतो. श्रावणातली कावीळ ही बहुधा आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसात प्यायलेली असते. तो पाऊस वर्षभर साठलेले सारे धुऊन खाली नेतो. सासूबाईंची पाणीपुरी निर्दोष होती.

टाकीतून जमिनीत जाणारी आणखी एक वस्तू आहे, तिच्याकडे डॉक्टरांचेही दुर्लक्ष होते. तिचे नाव नायट्रेट. मैला-मूत्रातल्या नत्राचे जमिनीत नायट्रेट बनते. शेतात घातलेल्या युरियाचेही तेच होते. त्याला रंग नाही, वास नाही. मोठ्या माणसाला ते सहसा जाणवत नाही. पण तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि ओठ, नखे निळसर पडू लागतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५ साली शेतावरच्या विहिरींचे पाणी प्यायलेल्या अशा बाळांविषयी प्रथम लिहिले. आपल्या मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे. माता-भगिनींनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट थोडे वाढते. बोअरच्या पाण्यावर वाढणाऱ्या बाळाला सहा महिने निव्वळ अंगावर पाजणे हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उत्तम उपाय.

आता टाकी उपसण्याकडे वळू. आपण फोन करतो, टँकर येतो, तासाभरात टाकी रिकामी होते, आपण पैसे देतो आणि नाक मोकळे करून घरात जातो. टँकर कोपऱ्यावरून वळल्यावर कुठे जातो? किती जणांनी विचारले आहे? मैल्यावर प्रक्रिया करणारे केंद्र जवळ नसेल तर तो एखाद्या नाल्यात, रस्त्याकडेच्या खळग्यात किंवा कोणाच्या तरी पडीक शेतात रिकामा होतो. एका टँकरमध्ये काही हजार लिटर असतात. जमिनीवर असा ओतलेला गाळ म्हणजे काही हजार माणसे एकाच वेळी उघड्यावर बसल्यासारखे आहे. सकाळी कानाला जानवे लावून ओढ्याकाठी जाणाऱ्या म्हाताऱ्याला आपण अडाणी म्हटले, हे काम मात्र आपण पैसे देऊन करून घेतो.

यावर एका शेतकरी मित्राने मला टोकले. तो म्हणाला, "डॉक्टर, आमचे आजोबा नगरपालिकेकडून सोनखत विकत आणायचे. त्यावर काय भाजी यायची!" त्याचे म्हणणे खरे आहे. मैल्यात पिकाला लागणारे सारे काही आहे आणि ते नाल्यात घालवणे हा करंटेपणाच. पण सोनखत म्हणजे कच्चा मैला नव्हे. केरकचऱ्याचे आणि मैल्याचे थर देऊन ते महिनोन्‌महिने कुजवत. ढिगाच्या पोटात इतकी उष्णता तयार होई की हात लावता येत नसे. त्या उष्णतेने जंतांची अंडी मरत. मग त्याला मातीचा वास येई आणि नंतर ते शेतात जाई. टँकरमधून ताजा ओतलेला गाळ हे सोनखत नाही. ओल्या मातीत गोल जंतांची अंडी कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहूनही अधिक जगतात. त्या रानातली मेथी, कोथिंबीर, मुळा आठवडी बाजारातून आपल्याच ताटात येतात. आणि त्या रानात अनवाणी खुरपणाऱ्या बाईच्या पायांच्या कातडीतून आकडी जंत शरीरात शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पीत बसतात. आमच्याकडे ती येते तेव्हा तक्रार एवढीच असते, "दम लागतो आणि काम होत नाही." डोळ्याची पापणी ओढून पाहावी तर आत कागदासारखी पांढरी. आम्ही लोहाच्या गोळ्या लिहून देतो. गोळ्या संपतात, ती पुन्हा त्याच रानात जाते.

देहूच्या डॉ. सुहास मापुस्करांना हेच दिसले होते. १९५९ साली ते तरुण वयात तिथे सरकारी डॉक्टर म्हणून गेले. औषधे देऊनही तेच जंत, तेच जुलाब पुन्हा पुन्हा येतात हे पाहून त्यांनी गावात संडास बांधायला घेतले. सुरुवातीला बांधलेले काही संडास पावसाळ्यात ढासळले. दुसरा कोणी असता तर बदली मागून मोकळा झाला असता. मापुस्कर देहूतच राहिले. कोकणातल्या अप्पा पटवर्धनांच्या गोपुरी संडासाचा त्यांनी अभ्यास केला, आणि पुढे मैल्यावर चालणारे गोबरगॅससारखे 'मलप्रभा' नावाचे संयंत्र तयार केले. मैला घराबाहेर घालवून प्रश्न सुटत नाही, त्याचे पुढे काय करायचे हे ठरवावे लागते, असा त्यांच्या साऱ्या कामाचा रोख होता. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आम्हा एमबीबीएस मंडळींना त्यांचा अभिमान वाटतो आणि थोडी लाजही वाटते.

हे सारे एका घराला झेपणारे नाही, म्हणून गावाने मिळून करायचे काय, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. सिन्नर. २०११ च्या जनगणनेत पासष्ट हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव. साताऱ्याकडच्या वाईने २०१८ मध्ये आणि तिच्या पाठोपाठ सिन्नरने एक साधा बदल केला. टाकी तुंबली की टँकर बोलवायचा, ही पद्धत सोडून पाळीपाळीने गावातल्या सर्वच टाक्या उपसायच्या, दर तीन वर्षांनी एकदा, मालकाने तक्रार केलेली असो वा नसो. त्याचा खर्च घरपट्टीबरोबरच्या स्वच्छता करातून काढायचा, म्हणजे दारात आलेल्या टँकरवाल्याशी घासाघीस नको. आणि गाळ नाल्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात न्यायचा. सिन्नरचे केंद्र दिवसाला ७० हजार लिटर घेऊ शकेल अशा बेताने बांधले आहे. तिथे गाळ वेगळा करून वाळवतात, पाण्यावर वेगळी प्रक्रिया होते. तक्रार नसताना टाकी उपसून घ्यायला माणसे सहजासहजी तयार होत नाहीत. फरशी फोडावी लागते, पाहुणे असतात, सण असतो. तरीही या दोन गावांनी घरोघर जाऊन ते जमवले. नाशिक शहरातही २०१७ साली जर्मन सहकार्याने सार्वजनिक संडासांतला मैला आणि हॉटेलांतले खरकटे एकत्र करून त्यापासून वीज काढण्याचा प्रकल्प उभा राहिला. अशा प्रकल्पांचे उद्घाटन सोपे असते. रोजचा टँकर रोज तिथेच जातो की नाही, यावर नगरसेवकांनी आणि आपणही लक्ष ठेवावे लागते.

एका गोष्टीबद्दल मी कठोरपणे लिहिणार आहे. थोडे पैसे वाचवण्यासाठी कोणालाही टाकीत उतरवू नका. बंद टाकीत प्राणवायू नसतो, आणि गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू उसळून वर येतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास प्रथम येतो, पण वायू जास्त असेल तर काही क्षणांतच नाक बधिर होते आणि वास येणे थांबते. माणसाला वाटते, हवा मोकळी झाली. दोन-तीन श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्यांत मृतांचा आकडा क्वचितच एक असतो, तो यामुळेच. काडी पेटवून पाहण्याचा जुना उपाय तर अजिबात करू नये, कारण आत मिथेनही असतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. मृताच्या कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख ठरवली होती, २०२३ साली ती तीस लाख केली. गेलेला माणूस तीस लाखांनीही परत येत नाही.

असो. घरच्या घरी करण्यासारखे काय आहे? पावसाळ्यापूर्वी एखाद्या रविवारी टेप घेऊन आपल्या बोअरपासून किंवा आडापासून आपला आणि शेजाऱ्यांचा शोषखड्डा किती अंतरावर आहे ते मोजा. साठ फुटांच्या आत असेल, तर ते पाणी झाडांना आणि भांड्यांच्या पहिल्या पाण्याला वापरा, पिण्यासाठी नळाचे आणा. दुसरे पाणीच नसेल, तर खळखळ उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर उकळू द्या. आडात किंवा साठवण टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची तर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम, बादलीत कालवून, वरची निवळी घालून, आणि नंतर तासभर पाणी काढायचे नाही. पुडी उघडी ठेवली की तिचा दम जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. टाकीत ॲसिड आणि फिनेल ओतू नका, त्याने मैला कुजवणारे उपयोगी जीवाणू मरतात. गच्चीचे पावसाचे पाणी टाकीत सोडू नका. गाळ टाकीच्या एक-तृतीयांशापर्यंत आला की उपसायची, आणि एवढे पाहत बसायचे नसेल तर सरळ तीन वर्षांनी. टाकीच्या उभ्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर हत्तीरोग पसरवणाऱ्या डासांची पैदास आपल्याच घरामागे होते.

आजोबांच्या शेजाऱ्यांनी टाकी उपसायचे ठरवले, तेव्हा झाकण कुठे आहे हेच कोणाला आठवेना. ते पार्किंगच्या नव्या फरशीखाली गेले होते. फरशी फोडली, गाळ काढला, आणि तळाला हात-हातभर दगड लागले. काँक्रीट नव्हतेच. त्यांनी तळ बांधून घेतला. बोअरचे पाणी आता दोन्ही घरांत फक्त बागेला जाते, पुढे नळही आला. बाळ दीड वर्षाचे झाले तेव्हा गोवराच्या दुसऱ्या डोससाठी आले होते, वजन साडेनऊ किलो.

पाण्याची नीट तपासणी जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत करून मिळते. घरची धुतलेली बाटली चालत नाही, निर्जंतुक बाटली तिथूनच आणावी. बोअर आधी दोन-चार मिनिटे चालू ठेवावा, नळाचे तोंड पुसून घ्यावे, बाटलीच्या आत बोट लागू देऊ नये. नमुना बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. जंतूंबरोबर नायट्रेटचीही तपासणी हवी असेल तर तसे आधीच सांगावे, त्यासाठी दुसरी बाटली लागते.